सहमचं वेगळं ताट

ओमानमधल्या सहम गावी सलीमने माझं जेवण गाडीत आणून दिलं. भात, वर सुरमईचा भाजलेला तुकडा, लिंबाची फोड. सगळं फॉइलने नीट झाकलेलं. तुकडा चांगला मोठा होता. अर्बाबने, म्हणजे इथल्या शीतगृहाच्या मालकाने, स्वतःच्या हाताने निवडला, असं सलीम म्हणाला.

मी गाडीत का बसलो होतो? जेवायला बसताना साहेबांनी पिटाळलं होतं म्हणून. "रीडिंग्ज राहिलीत ना? जा, तेवढी घेऊन ठेव." कंप्रेसरची रीडिंग्ज मी सकाळीच घेतली होती. त्यांच्यासमोरच वहीत लिहिली होती. तरी गेलो. गुमान गेलो. एवढी सवय होती मला.

सलीम ताट देऊन गेला नाही. दार धरून उभा राहिला. त्याचा चेहरा उतरला होता.

"मुहंदिस, तुम्हारा धर्म ऐसा है तो पहले क्यूं नहीं बोला?"

मुहंदिस म्हणजे इंजिनियर. दोन वर्षांत त्याने मला दुसऱ्या नावाने हाक मारली नव्हती.

"कैसा धर्म?"

"मुदीर ने अर्बाब को बोला. इस आदमी का धर्म अलग है, ये सबके साथ नहीं खाता, इसका खाना बाहर दो."

मुदीर म्हणजे आमचे मॅनेजर साहेब. मराठी माणूस, पुण्याकडचे. मी वाशीम जिल्ह्यातला, बौद्ध. इथे ओमानला, गाला भागातल्या कंपनीत रुजू झालो त्या आठवड्यातच त्यांनी गाव विचारलं, मग आडनाव, मग "म्हणजे तुमच्यात देवबिव नाही ना?" त्यांना हवं ते उत्तर मिळालं. त्यानंतर ऑफिसात त्यांच्या घरचा डबा सगळ्यांसाठी उघडायचा, माझ्या टेबलापर्यंत कधी आला नाही. मी म्हणायचो, असू दे. पगार वेळेवर होतो, पोरगी शाळेत जाते, आपल्याला काय करायचंय.

आणि हा सलीम. ओमानी, काळाकुळकुळीत, माझ्याहून हातभर उंच. त्याचे आजोबा आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आलेले. कंपनीची गाडी तो चालवायचा आणि मी बातिनाच्या किनाऱ्यावरच्या शीतगृहांचे कंप्रेसर दुरुस्त करायचो. पहिल्या दिवशी मी मागच्या सीटवर बसलो होतो. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला गाडीतून नेत होतं, ताठ बसलो होतो अगदी. त्याने इंजिन बंद केलं. "मैं टॅक्सी नहीं है. आगे बैठो." मी पुढे आलो. नंतर दोन वर्षं आम्ही एकाच कागदावरचा पराठा तोडला, त्याच्या घरी एकाच थाळ्यातला भात खाल्ला. इथे तसंच जेवतात. खाली गालिचा, मध्ये एक मोठा थाळा, भोवती माणसं, सगळ्यांचे हात एकाच भातात.

उघड्या दारातून दिसत होतं, आत आता तसंच चाललं होतं. हेच मला सहन होत नव्हतं. अर्बाब, त्याचे दोघे भाऊ, आणि त्यांच्यात मांडी घालून आमचे साहेब. त्यांचा हात अर्बाबच्या हाताला लागत होता. ते चालत होतं. सलीमही त्याच थाळ्यावर बसला होता, तेही चालवून घेतलं होतं, कारण तो अर्बाबच्या देशाचा. फक्त माझा हात चालत नव्हता.

"दो साल मेरे साथ खाया," सलीम म्हणाला. "घर जाके नहाता था?"

माझ्या अपमानाचा अर्थ त्याने असा लावला होता. मीच त्याला बाटवणारा समजतो, असा.

मग मला बोलावं लागलं. ओमानमध्ये आल्यापासून जे कोणाला सांगितलं नव्हतं ते मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं. गावातल्या लग्नात माझ्या बापाला मांडवाबाहेर वाढलं होतं. मी सहा वर्षांचा, त्याच्या शेजारी. वाढणारा वाकत नव्हता, वरूनच टाकत होता. बाप म्हणाला होता, जेव मुकाट्याने. "मेरा धर्म अलग नहीं खाता, सलीम. ये मुदीर का धर्म है. मेरे साथ नहीं खाता वो."

एवढं बोलल्यावर थांबता येईना. दुसरंही सांगितलं. साहेब गाडीत मराठीत त्याला 'काळ्या' म्हणायचे. 'काळ्याला सांग एसी वाढव.' मी हसायचो. सलीमने विचारलं तर सांगायचो, गरमी के बारे में बोला. साहेबांच्या हसण्यात मला जागा मिळते म्हणून मी हसायचो. लाज वाटते आज. तेव्हा वाटली नाही.

सलीम गाडीच्या दाराला टेकला. मग म्हणाला, "मेरी बहन का रिश्ता आया था. लड़का अच्छा. उसके घरवाले ने पूछा, कबीला कौन सा, दादा कहां से आया. खलास. वापस गया." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुम हंसा, वो मैं भूलेगा नहीं. अभी उठो. यल्ला."

मी ताट उचललं आणि आत गेलो. खोटं का सांगू, व्हिसाची भीती वाटत होती. थाळ्यापाशी बसलो, फॉइल काढली आणि माझ्या ताटातला सगळा भात, तो मोठा तुकडा, मधल्या थाळ्यात ओतला. साहेबांचा हात होता त्याच्या शेजारी.

"अर्बाब, माफ करना. मेरा ऐसा कोई धर्म नहीं है. मुदीर ने झूठ बोला."

अर्बाबने साहेबांकडे पाहिलं. त्या बिचाऱ्याने पाहुण्याचा धर्म सांभाळायचा म्हणून ताट वेगळं केलं होतं. साहेबांनी हातातला घास थाळ्याच्या कडेला ठेवला. "पेट ठीक नहीं है," म्हणाले आणि हात धुवायला उठले.

अर्बाब मला म्हणाला, "बिस्मिल्ला. खाओ." मी खाल्लं. सलीम शेजारी बसला होता.

त्या दिवशी दुरुस्तीच्या वार्षिक करारावर अर्बाबची सही व्हायची होती. अर्बाबने कागद बाजूला सारला. "बाद में, इन्शाल्ला." साहेब आमच्याच गाडीतून गालाला परतले. उतरताना म्हणाले, "कस्टमरसमोर मला खोटं पाडलंस. शेवटी जात दाखवलीसच. रविवारी माफीनामा टेबलावर पाहिजे. नाहीतर सामान बांध."

अल खौदच्या आमच्या फ्लॅटवर बायकोला सगळं सांगितलं. पोरगी आतल्या खोलीत मैत्रिणीशी फोनवर इंग्रजीत बोलत होती. बायको म्हणाली, "लिहायचा असेल तर ऑफिसात जाऊन लिहा. पोरीसमोर लिहू नका." मग ती ओट्याकडे वळली. पाठमोरी रडत होती. परत जायचं म्हणजे काय, ते तिला माझ्याइतकंच कळत होतं.

इथे कामाचा आठवडा रविवारी सुरू होतो; सकाळीच साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. त्यांनी कोरा कागद पुढे केला. मी तो त्यांच्याकडे परत सरकवला.

"लिहितो साहेब. आधी तुम्ही लिहा. मला जेवणावरून उठवून बाहेर का पाठवलं, ते कारण. एक ओळ पुरे. खाली सही करा. मग मी माफी लिहितो."

"उगाच शहाणपणा करू नकोस."

"एक ओळ, साहेब."

त्यांनी पेन उचललं नाही. एसी चालू होता आणि त्यांच्या कपाळावर घाम होता. तिथे मला कळलं. हा माणूस मला व्हिसावरून घाबरवू शकतो, पण स्वतःच्या मनातली ती एक ओळ कागदावर लिहायला घाबरतो. माझा बाप कारण न विचारता जेवला. मी कारण न विचारता गाडीत जाऊन बसलो. आमच्या न विचारण्यावर यांचं सगळं चाललं होतं.

माफीनामा मी दिला नाही. घडलं ते सगळं लिहून आमच्या कंपनीच्या मालकाच्या टेबलावर ठेवलं, सलीमला हसलो तेही लिहिलं. पुढे काय होईल, माहीत नाही. कदाचित पोरीची शाळा सुटेल. कदाचित वाशीमला जाऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल. करू.

पण इथून पुढे मला पंगतीतून उठवणाऱ्याने कारण सगळ्यांसमोर, तोंडाने, पूर्ण सांगायचं. तोपर्यंत मी उठणार नाही.