सेन्सरसमोर हात हलवू नका

"तुमच्या माणसांसमोर ही अगदी शहाण्यासारखी वागते," काका म्हणाले. "आज तर साहेब स्वतः आलेत. वाकून नमस्कारही करेल."

वारज्यातल्या एका फ्लॅटच्या स्वयंपाकघरात आम्ही उभे होतो. 'ही' म्हणजे आमच्या कंपनीची किचन चिमणी. मी त्या कंपनीचा पुण्यातला सर्व्हिस मॅनेजर. काका सत्तरीचे, निवृत्त, आणि तक्रार त्यांच्या नावावर होती: चिमणी आपोआप चालू होते, आपोआप बंद होते. आमचा टेक्निशियन दोनदा येऊन गेला होता. दोन्ही वेळा त्याचा शेरा एकच, दोष आढळला नाही.

हे मॉडेल हाताच्या इशाऱ्यावर चालतं. पुढच्या काचेमागे एक छोटा सेन्सर असतो. त्याच्यासमोरून हात डावीकडून उजवीकडे नेला की मोटर चालू, उलट नेला की बंद. मोबाइलवर स्वाइप करतो तसंच, फक्त काचेला हात लावायचा नाही. पिठाचे-तेलाचे हात बटणांना लागू नयेत म्हणून ही सोय. हात कोणाचा आणि कशासाठी हलला, हे सेन्सरला कळत नाही. वीतभर अंतरावरून काहीतरी आडवं गेलं, इतकंच कळतं.

दुसऱ्या भेटीनंतर काकांचा फोन माझ्याकडे आला होता. मी ओट्यापासून चिमणीची उंची विचारली, शेगडी कुठली ते विचारलं आणि म्हणालो, "काका, मशीन ओके आहे. घरात कोणाला तरी हातवारे करायची सवय असेल. स्वयंपाक करताना हात कमी हलवायला सांगा."

काका "सांगतो" म्हणाले आणि फोन ठेवला. मी कॉल क्लोज केला.

तक्रार पुन्हा आली. एकाच तक्रारीसाठी परत जावं लागलं तर त्याला आम्ही रिपीट कॉल म्हणतो, आणि माझं रेटिंग त्या आकड्यावर ठरतं. म्हणून मी स्वतः निघालो. काळजी वाटली म्हणून नव्हे. चूक ग्राहकाची आहे हे एकदाचं दाखवून द्यायला.

टेप लावली. ओट्यापासून तीस इंच, नियमात. व्होल्टेज पाहिलं, सेन्सर पुसला. हात फिरवला, चालू. उलट फिरवला, बंद. वीसेक वेळा केलं. एकदाही चुकलं नाही.

दाराशी काकांची सून अश्विनी उभी होती, तिला बिलगून तिची पहिलीतली मुलगी. मी सुनेकडे वळलो आणि शाळेतल्या मास्तरांसारखा म्हणालो, "मॅडम, स्वयंपाक करताना हात जरा आवरायचे. काहींना बोलताना हलवायची सवय असते."

तिने काकांकडे पाहिलं.

"तिला ऐकू येत नाही, जन्मापासून," काका म्हणाले. "थांबा, मी सांगतो."

ते ओट्यापाशीच उभे होते. माझं वाक्य ते तिला हातांनी सांगू लागले. बोटं तोंडासमोर गेली, मग तळवा आडवा फिरला. चिमणी सुरू झाली.

काकांनी हात खाली घेतले नाहीत. राहिलेलं वाक्य त्यांनी सावकाश पूर्ण केलं, आणि त्यात कुठेतरी चिमणी बंद झाली.

तीस इंच मी टेप लावून मोजले होते. ओटा आणि वर तीस इंच म्हणजे समोर उभ्या असलेल्या बाईचा चेहरा. खुणांची भाषा तिथेच बोलतात. हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"काका, हे आधी सांगायला हवं होतंत," मी म्हणालो. असं म्हणण्याचीही आता लाज वाटते.

"तुम्ही ओट्याची उंची विचारलीत, ती सांगितली. शेगडी विचारलीत, तीही सांगितली."

"आणि मी फोनवर जे म्हणालो..."

"तेही तिला सांगितलं. साहेबांचा निरोप होता."

त्या निरोपाचं काय झालं ते मुलीने सांगितलं, तक्रारीच्या सुरात नव्हे, माहिती द्यावी तसं. आई आता ओट्यापाशी बोलत नाही. आधी संध्याकाळी ही स्टुलावर बसायची, पोळ्या करता करता आई शाळेचं विचारायची, ही सांगायची. आता आई सगळं आटपून मग बाहेर येते. मध्येच विसरून बोलायला लागली की चिमणीचा दिवा लागतो, मग ती हात पाठीमागे घेते.

"आणि ती बाहेर येते तेव्हा मला झोप आलेली असते," मुलगी म्हणाली.

मी खाली वाकून हत्यारांची पिशवी आवरायला घेतली. तिच्यात आवरण्यासारखं काही नव्हतं. एका बाईला मी तिच्याच घरात गप्प बसायला सांगितलं होतं, आणि तिने ते ऐकलं होतं.

सेन्सरची वायर काढली की चिमणी फक्त बटणांवर चालते. पण असं केलं तर वॉरंटी जाते. बाल्कनीत जाऊन मी आमच्या रीजनल मॅनेजरना फोन लावला.

ते म्हणाले, "वायरला हात लावू नका. इतके पीस विकले, असा कॉल कधी आला नाही."

"आले असतील, सर. आपण 'दोष आढळला नाही' लिहितो."

"मग आताही तेच लिहा."

मी म्हणालो, हे लिहिणार नाही. बरीच वादावादी झाली. शेवटी ते म्हणाले की करायचं तर स्वतःच्या सहीने करा, उद्या काही झालं तर उत्तर तुम्ही द्यायचं. मी वायर काढली. वॉरंटी चालू राहील असं सही-शिक्क्यासह लिहून दिलं. सगळं काम पाच मिनिटांचं. टेक्निशियनच्या पहिल्याच भेटीत झालं असतं.

मग मी काकांना म्हटलं, माझं चुकलं असं यांना सांगा. काकांनी दोन खुणांत सांगितलं. अश्विनी ओट्यापाशी गेली आणि तिथे उभं राहून तिने उत्तर दिलं. ते बराच वेळ चाललं. हात थेट चिमणीसमोर फिरत होते, चिमणी बंदच राहिली. मुलगी मध्येच फिसकन हसली आणि आजोबांकडे पाहून तिने तोंडावर हात धरला.

"चहा घ्या, म्हणते," काका म्हणाले.

"एवढंच?"

"बाकीचं मी वगळलं."

चहा घेतला. नको म्हणायला तोंड नव्हतं.

आता नवीन टेक्निशियन आला की मी त्याला सांगतो, रिकाम्या स्वयंपाकघरात चिमणी तपासायची नाही. घरच्यांना रोजच्यासारखा स्वयंपाक करू द्यायचा, आपण बाजूला उभं राहून बघायचं. त्यात वेळ जातो. आमच्या ब्रँचचा दर कॉलमागचा सरासरी वेळ वाढला आहे, आणि त्याबद्दल वरून मला दर महिन्याला विचारणा होते.