दणका न देणारी होडी

माझा थोरला भाऊ मुंबईच्या बंदरात स्पीडबोट चालवायचा. आमच्या वाडीतली बाकीची माणसं गिरणीत नाहीतर हॉटेलात लागली. हा कसा कोण जाणे, पाण्यावर गेला आणि तिथेच रमला. एका दुपारी भरधाव बोट लाटेवरून उडाली आणि दाणकन खाली आपटली. दादाचा कमरेचा मणका गेला. बरेच दिवस दवाखान्यात काढल्यावर वहिनीने त्याला पोलादपूरच्या वर, डोंगरातल्या आमच्या घरी आणलं. तो हळूहळू चालायला लागला, पण डॉक्टरांनी बजावलं होतं : कमरेला पुन्हा दणका बसता कामा नये.

मी तेव्हा महाडच्या एमआयडीसीत एका छोट्या कारखान्यात फायबरच्या टाक्या बनवायचो. शनिवारी घरी जायचो तेव्हा दादा अंगणात बसलेला असायचा, समोर म्हशी आणि नजर भलतीकडेच. एका शनिवारी मात्र त्याने पांगाऱ्याच्या लाकडाच्या दोन होड्या तासून ठेवल्या होत्या. एक नेहमीसारखी पोटाळ, मधे फुगीर, दुसरी शेवग्याच्या शेंगेसारखी लांब आणि सडपातळ.

ओढ्यावर नेऊन त्या त्याने एका काठीच्या दोन टोकांना दोरीने बांधल्या आणि मला काठी मधोमध धरून पाण्यातून ओढायला लावली. पोटाळ होडी मागे रेंगाळली, शेंग पुढे निघाली.

"बघ," तो म्हणाला, "होडी लाटेवर चढली की आपटनारच. म्हनून चढायचंच नाय. सुईसारखं लाटेत शिरायचं न् पलीकडं निघायचं."

"एकटी शेंग कलंडेल की."

"दोन लावायच्या, अंतर ठेवून. वर फळ्यांचा माळा, त्यावर मानूस."

"दादा, डॉक्टर काय म्हणाले?"

"दनका नको म्हनला. बोटीत बसू नको, असं नाय म्हनला."

घरी परतल्यावरही दादाचं हेच चाललं होतं, ते चुलीपाशी बसलेल्या वहिनीने ऐकलं. दादा बाहेर गेल्यावर ती मला म्हणाली, "भावजी, तुमी तरी शहाने असाल वाटलं व्हतं." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. 

तरीही पावसाळा संपल्यावर आम्ही गोठ्याच्या रिकाम्या भागात काम सुरू केलं. प्लायच्या पट्ट्यांचा साचा, त्यावर काचेच्या धाग्यांची चटई, चटईवर सुकून कडक होणारं रेझिन. कारखान्यात टाकीला हाच माल लागायचा, पण टाकीच्या भिंतीला कुठे पाणी कापायचं असतं! होडीच्या नाकाचा, म्हणजे पुढच्या टोकाचा, कोपरा नीट येईना, दोनदा कापून टाकावा लागला. दादाला वाकता येत नव्हतं. मग वाशांना दोर बांधून मी एक फळी टांगली. तो तिच्यावर पालथा पडून घासायचा. एके दिवशी मी आलो तर त्याच्या छातीखाली जुन्या गोधडीची उशी होती. वहिनीने ती कधी शिवली, कळलंही नाही.

होडी पाण्यात उतरवायला पुढचा हिवाळा उजाडला. वाडीतल्या माणसांनी सगळे भाग खांद्यावरून सडकेपर्यंत उतरवले, तिथून टेम्पोने सावित्री नदीच्या खाडीवर, दासगावला नेले. जोडाजोड झाली, मागे जुनं आउटबोर्ड इंजिन बसवलं. दादा चढायला पुढे झाला, तोच वहिनीने पदर खोचला आणि ती त्याच्या आधी चढून बसली.

"उतर गो, तुला सवय नाय."

"आधी मी बसनार," ती म्हणाली. "कंबर मोडायची तर माझी धड हाय, ती मोडू दे."

वहिनीने तोवर लांबूनच समुद्र पाहिला होता. दादा काठावर राहिला आणि आम्ही दोघं खाडीतून, ती समुद्राला मिळते त्या बाणकोटच्या मुखाकडे निघालो. पहिली मोठी लाट आली तेव्हा दोन्ही नाकं तिच्यात शिरली ती वर येईचनात. माळ्यावरून पाण्याचा लोंढा आमच्या डोक्यावरून गेला. मी घाबरून वेग कमी केला आणि होडी वळवली.

परत येईपर्यंत दादा काठाशी उभाच होता. निथळत्या लुगड्यात वहिनीने त्याला सगळं सांगितलं. "दनका नाय. खरंच नाय. पन नाक खाली गेलं की वर येत नाय, त्याला कायतरी आधार पायजे."

 दादा खाली बसून काटकीने वाळूत रेघा मारू लागला. दोन शेंगांच्या मधे, पाण्यापासून उंच, एक तिसरं नाक. साध्या पाण्यात ते टेकणार नाही. होडी फार बुडू लागली तरच टेकून तिला उचलेल. ते पूर्ण होईपर्यंत उन्हाळा लागला.

दुसऱ्या वेळीही आधी वहिनीच बसली. या खेपेला लाट आली, दोन्ही बाजूंनी कापली गेली, मधल्या नाकाने होडीला अलगद वर घेतलं. आम्ही परतलो आणि वहिनीने दादाला हात दिला. "चला. बसा."

दादाने स्वतः चालवली. खाडीच्या तोंडाशी लाटांमागून लाटा होत्या, इंजिन ओरडत होतं, आणि तो एका हाताने सुकाणू धरून, ओठ घट्ट मिटून प्रत्येक लाटेच्या आधी अंग आखडून घ्यायचा. दणका आला नाही. हळूहळू त्याने आखडायचं सोडलं. मग तो रडायला लागला. वहिनी समुद्राकडे बघत राहिली, आपण त्याचं रडणं बघतोय असं त्याला वाटू नये म्हणून.

परतीच्या वाटेवर तिने मला विचारलं, "हे बंद कुठून करतात?" मी दाखवलं. तिने इंजिन बंद केलं. भरतीचं पाणी आम्हाला आपसूक आत नेत होतं. तिने भाकरीचं फडकं सोडलं आणि आम्ही तिघं जेवलो.

दुसरी होडी आम्ही बांधली नाही. हीच इंजिन थकेपर्यंत काही वर्षं चालली. दादाची कंबर शेवटपर्यंत दुखतच राहिली, पण रविवारी सकाळी होडीवर जायला त्याला उठवावं लागत नसे.