क्रॅब ॲपलचं आळं

पाणी कमी पडलं की झाड जातं, हे मला चौथीपर्यंतच्या शाळेनं नाही, रानानं शिकवलं. पंचवीस वर्षं मी सांगोल्याकडच्या मुरमाड जमिनीत डाळिंब केलं. लांबलांबची माणसं बाग बघायला यायची. त्यामुळे इंग्लंडात, मिल्टन कीन्सला मुलाकडे राहायला आल्यावर झाड कसं लावायचं हे मला कुणी शिकवावं, हे पटणारं नव्हतं. आजही फारसं पटत नाही.

झाड लावायचं ते हिच्यासाठी. गावी ही रोज सकाळी परडी भरून देवाला ताजी फुलं आणायची. इथं प्लॅस्टिकात गुंडाळलेली, दुकानातली. ती वाहताना हिचं तोंड एवढंसं व्हायचं. गार्डन सेंटरमध्ये सुनेनं क्रॅब ॲपलचं रोप दाखवलं. शोभेच्या सफरचंदाचं झाड, फळं बोराएवढी, आंबटढाण, पण वसंतात फांदी दिसत नाही इतकी फुलं, म्हणाली. मी तिथंच हिला शब्द दिला, "तुझी परडी आता आपल्या झाडानं भरीन."

नोव्हेंबरात गुडघाभर खड्डा घेतला. तळाला शेणखत, खोड वीतभर मातीत, वर ऐसपैस गोल आळं. खोडावर कलमाची गाठ होती, तीही मातीखाली गेली. आमची डाळिंबं गुटी कलमाची, त्यांना अशी गाठ नसते. मी तिच्याकडे बघितलंच नाही.

शेजारचा म्हातारा, माझ्याच वयाचा, कुंपणावरून बघत होता. सुनेशी काहीतरी बोलला.

"बाबा, ते म्हणतात फार खोल गेलंय. इथली माती चिकण आहे, पाणी निचरत नाही. आळं मोडा म्हणतात."

"त्यांना विचार, डाळिंब केलंय का कधी?"

"असं कसं विचारू, बाबा!"

"मग राहू दे."

पहिल्या वसंतात नुसती पानं आली. नवं झाड, वर्ष घेतंच. जुलैत तीही पिवळी पडली, तेव्हा मी एका झारीच्या दोन केल्या.

मुलगा म्हणाला, "बाबा, कालच तर पाऊस झालाय."

"पाऊस पानावर पडतो. मुळाला आपण घालावं लागतं."

कॉम्प्युटरवाला माणूस, त्याला काय कळणार?

दुसऱ्या एप्रिलात कळ्या धरल्या. अकरा. ही रोज खिडकीतून मोजायची. मग एकेक कळी तपकिरी पडून गळाली. शेवटची गळाली त्या दिवशी हिनं परडी गॅरेजातल्या खिळ्याला अडकवली. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

पानगळ झाल्यावर मी आळं उकरलं. खाली पाणी साचलेलं, गटारासारखा वास, मुळं काळी पडलेली. आमच्याकडे हिवाळ्यात खड्ड्याला एवढं पाणी लागलं असतं तर नारळ फोडला असता! इथं त्याच पाण्यानं झाड कुजवलं. तासभर मी त्या खड्ड्याशी नुसता चिडून उभा होतो. कुणावर चिडलो होतो ते सांगत नाही.

शेवटी सुनेला म्हटलं, "बोलव त्या म्हाताऱ्याला."

तो गमबूट घालून आला. हसला नाही. हसला असता तर निदान भांडता आलं असतं. त्यानं काळी मुळं छाटली, खड्डा बुजवून वर मातीचा उंचवटा केला, गाठ मोकळी ठेवून झाड त्यावर उभं केलं. खोड धरायचं काम माझं. मग शेजारी खुंटी ठोकून बांधलं, आणि जाताना माझ्या झारीकडे बोट दाखवून ‘नको’ अशी मान हलवली.

पुढच्या एप्रिलात एकाच फांदीला फुलं आली. परडीचा तळसुद्धा झाकला नाही. तरी ही पहाटेपासून खटपटीत. देवाला फुलं वाहिली, हात जोडले, आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, "अहो, त्या शेजारच्या भाऊजींना चहाला बोलवा. झाड त्यांनी वाचवलंय."

"लावलं कुणी?"

"बुडवलं कुणी?"

मी झारी उचलून बाहेर गेलो. झाडाजवळ थांबलो. मग सगळं पाणी कुंडीतल्या पुदिन्याला घातलं आणि कुंपणापाशी जाऊन त्याला हाक मारली.