पेशंटबरोबर आलेली बाई

"मॅडम, मी चाललो! माझ्या लेकरांकडं बघा!"

चाकणच्या आमच्या कारखान्यातल्या दवाखान्यात दत्ता स्ट्रेचरवर पडून ओरडत होता. सोबत त्याचं अख्खं खातं, प्रेस शॉप. कुणी छाती चोळतंय, कुणी वारा घालतंय, एक जण तर त्याच्या सासऱ्यांना फोन लावून बसलेला. मी इथली डॉक्टर. म्हटलं, "सगळे बाहेर व्हा आधी. अजून गेला नाहीये तो."

ईसीजी, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा आलेख, काढला. नॉर्मल. दुपारी काय खाल्लं विचारलं, तर मिसळ, मिरचीची भजी आणि वर ताक.

"ताक तर थंड असतंय की, मॅडम!"

तरी एका ईसीजीवर विसंबायचं नसतं, रक्तही तपासावं लागतं. निगडीच्या हॉस्पिटलला न्यायला ॲम्ब्युलन्स काढायला सांगितली.

बाहेर हाकललेल्यांपैकी एक जण गेलीच नव्हती. संगीताताई, शेजारच्या वायरिंग लाइनची लीडर. दत्ताला पाणी पाजायला म्हणून आलेली, आणि आता दाराला टेकून उभी. एसी चालू असूनही घामाने डबडबलेली.

"तुम्हाला काय होतंय?"

"मला काय हुतंय? संकष्टी हाय न्हवं. उपासाचं पित्त."

"दुखतंय कुठे?"

"दाढ जरा ठणकतीय. पाठ तर रोजचीच. सकाळपास्नं दम लागतोय, पर रिलीव्हर न्हाई, मग उठणार कशी?"

लाइनवरचं माणूस उठलं की त्याच्या जागी बसतो तो रिलीव्हर. तो नसेल तर आमच्या बायका पाणीसुद्धा कमी पितात.

हार्ट अटॅकमध्ये बायकांच्याही छातीत दुखतं. पण पुष्कळ जणींना जबडा, पाठ, दम, मळमळ, थकवा यांचाच त्रास जास्त जाणवतो. त्यात आपल्याकडे उपास. बाईला घाम फुटो नाहीतर चक्कर येवो, सगळं उपासाच्या नावावर खपतं. मला या उपासांचा मनापासून राग आहे. देवाचा नाही, बरं का.

तिला जवळजवळ ओढूनच कॉटवर झोपवलं. ईसीजी बघून सिस्टर आणि मी एकमेकींकडे पाहिलं. खरा अटॅक हिला आला होता.

तिला स्पष्ट सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "आसंल. शिफ्ट सुटल्यावर जाते. परवा पोरीचा साखरपुडा हाय."

रक्त पातळ करायची गोळी चघळायला दिली, तर म्हणे, "चंद्र दिसल्याबिगर कशी घिऊ?"

"औषधानं उपास मोडत नाही. मोडलाच तर पाप माझ्या डोक्यावर."

गोळी चघळली एकदाची. हॉस्पिटलचं नाव मात्र काढू देईना. एकेक मिनिट मोलाचं होतं आणि माझा पारा चढत होता. तेवढ्यात दत्ता उठून बसला.

"ताई, मला एकट्यालाच पाठवायलात का? हितं माझं कोण हाय? वाटंत काही झालं तर?"

"थांब रं भावा, मी येते संगं!" ती लगेच पाय खाली सोडायला लागली.

दत्ताने माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. मग स्वतःच स्ट्रेचरवरून उतरला. "तुमी पडा, ताई. मला बसूनच बरं वाटायलंय."

तिच्या सुपरवायझरचा फोन आला. "मॅडम, लीडर नेली तर लाइन थांबेल."

"थांबू दे," म्हटलं आणि ॲम्ब्युलन्समध्ये चढले.

त्याच दिवशी तिची अँजिओप्लास्टी झाली. बुजलेली रक्तवाहिनी फुग्याने उघडून आत जाळीची बारीक नळी बसवतात, ती. दत्ताचं रक्तही नॉर्मल निघालं. पित्ताची गोळी घेऊन तो घरी गेला.

साखरपुडा पुढे ढकलला, पण रावेतच्या हॉलमध्ये झाला दणक्यात. संगीताताई मधोमध खुर्चीत, आणि ती उठायला लागली की दत्ता परत बसवायचा. मला इतका आनंद झाला की जिलेबी मोजायचं सोडून दिलं. एरवी मीच सगळ्यांना गोडावरून बोलत असते.

एवढ्या वर्षांच्या नोकरीत एक कळलं. पुरुषाच्या छातीत कळ आली की त्याला आणायला दहा जण धावतात. बाई मात्र स्वतःसाठी दवाखान्याची पायरी क्वचितच चढते, ती दुसऱ्या कुणाला तरी घेऊन येते. म्हणून आमच्याकडे आता नियमच केलाय. पेशंटबरोबर बाई आली, की आधी तिचं बीपी.