प्रवेशखिडकीवरचे कारकून

आता प्रवेशअर्ज घरबसल्या भरतात. आम्ही दिल्लीच्या कॉलेजात गेलो तेव्हा खिडकी होती आणि खिडकीमागे ते असत. नाव मी कधी विचारलं नाही. रोज पानिपतहून रेल्वेने येत. अर्ज डोळ्यांजवळ धरून, ओठ हलवत वाचत. विद्यार्थ्यासोबत वडील असले की त्यांना हमखास कसली तरी झेरॉक्स आणायला पिटाळत.

माझ्या अर्जात बाबांनी कॉमर्स लिहिलं होतं; गुडगावात नव्या कंपन्या येत होत्या, आईचाही तोच आग्रह होता. मला मानसशास्त्र हवं होतं. बाबा झेरॉक्सला गेले.

"अब बोलो बेटाजी, पढ़ना किसे है?"

"मुझे."

त्यांनी कोरा अर्ज सरकवला. मी मानसशास्त्र लिहिलं, ऐच्छिक विषयात तत्त्वज्ञान. पालकांची सही राहिली होती.

बाबा परतले. कारकुनांनी अर्ज त्यांच्यापुढे ठेवला. बाबा वाचत राहिले. मागची रांग कुरकुरू लागली.

"रुको भाई, साहब पढ़ रहे हैं," ते शांतपणे म्हणाले.

"हे तू लिहिलंस?" बाबांनी विचारलं.

"हो."

बाबांनी सही केली. "आईला मी सांगतो," म्हणाले.