अंबादासची मळकी गिरणी

अंबादास गेल्याचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर चहाचा चोथा वाळवत होतो. त्याच्याचसाठी. चोथा वाळवून खलात कुटला की जी तपकिरी पूड होते, ती त्याच्या छोट्या गिरणीतल्या बोटभर रुंदीच्या रुळांमधल्या मातीत मिसळायची. मग वर्षानुवर्षं तेल मुरलेली जमीन हुबेहूब दिसते, हा त्याचा शोध. "सर, बाबा गेले. सकाळी चहा घेतला, भिंतीला टेकून बसले... तसेच," त्याची मुलगी पद्मा सांगत होती, आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की, अजून गोदामाचं छप्पर राहिलंय. त्या दिवशी त्या विचाराची लाज वाटली होती. आज पाच आठवड्यांनी वाटत नाही. त्यालाही आधी तेच आठवलं असतं.

शोकसभेत दोघातिघांनी त्याला 'शांत, सोशिक माणूस' म्हटलं. मी तिथे गप्प बसलो, ते इथे भरून काढतो. अंबादास शांत नव्हता आणि सोशिक तर मुळीच नव्हता. तरुणपणी तो सोलापुरातल्या एका कापड गिरणीच्या साइडिंगवर होता. स्टेशनाकडून रुळांचा एक फाटा गिरणीच्या आवारात यायचा, त्यावरून कोळशाच्या आणि रुईच्या वाघिणी, म्हणजे मालडबे, यायच्या. त्या जोडायच्या, सोडायच्या, इंजिनाला बावटा दाखवायचा, हे त्याचं काम. गिरणी बंद पडली, तो पूर्व भागातल्या एका टॉवेलच्या कारखान्यात मागावर लागला आणि तिथेच म्हातारा झाला. मग गिरणीच्या जागेवर इमारती उठू लागल्या. बाहेरच्या फलकावर जुन्या गिरणीचं चित्र होतं : गुलाबी विटा, निळं आकाश, चिमणीभोवती पांढरी कबुतरं. अंबादासने ते बघितलं, घरी आला आणि जुना पलंग मोडून त्याच्या फळ्या सुट्या करायला लागला. बायकोने, नागमणीवहिनींनी, विचारलं काय चाललंय. म्हणाला, "गिरणी बांधायलोय."

मी पद्माच्या शाळेत चित्रकला शिकवायचो, एवढीच आमची ओळख. एक दिवस तो बुटांचा खोका घेऊन दारात उभा. आत पुठ्ठ्याचं गोदाम, एकेक वीट कोरलेली, आणि पत्र्याच्या तीन वाघिणी, नव्या भांड्यांसारख्या चकचकीत. "मास्तर, हे घाण करून पाहिजे." आयुष्यभर मी पोरांना कागद मळवू नका म्हणून ओरडत आलो आणि हा माणूस मळवायला आला होता! मी हसलो. तो हसला नाही. "नवी गिरणी मी बघितलीच न्हाय की. मी बघितली ती घाणच होती. तीच पाहिजे."

दोन वर्षं आम्ही मळवत होतो. तो त्याला 'ऊन-पाऊस दाखवणं' म्हणायचा. पलंगाच्या फळ्यांवर पितळी पट्ट्यांचे रूळ बसले, जुन्या टेपरेकॉर्डरची मोटर घातलेलं इंजिन कुरकुरत धावू लागलं, पण त्याचा जीव रमायचा तो गंज चढवण्यात. लोखंडाचा कीस व्हिनेगरमध्ये भिजवून ते पाणी वाघिणींच्या सांध्यांवर सोडायचं, वरून गेरू, मग ओल्या फडक्याने अर्धं पुसून काढायचं. कारखान्यातून आणलेलं कापसाचं तूस चिमटीने पन्हळीत अडकवायचं. मी एकदा हौसेने सगळ्या भिंतींना सारखी काजळी फासली, तर भडकला. "मास्तर, वारा कुठनं यायचा? पश्चिमेचा. मग धूर कुठं जाणार? इकडची भिंत काळी कशी झाली, सांगा की!" मी मुकाट्याने धुऊन काढली. माझ्या हाताला कला होती, पण त्याच्याकडे साक्ष होती.

त्या मळक्या आवारात एकच जागा पांढरी स्वच्छ होती. गोदामाच्या कोपऱ्यावर, कमरेच्या उंचीला येईल असा चुन्याचा पट्टा. मी ब्रश घेऊन पुढे झालो तर त्याने माझा हात धरला. मग सांगितलं. मारुती नावाचा त्याचा जोडीदार तिथे वाघीण आणि भिंत यांच्यामध्ये सापडला. दुपारी तो गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहणीला साहेब येणार होते, म्हणून पाळी सुरू व्हायच्या आत भिंतीचा तेवढाच तुकडा पांढरा केला. "सगळी भिंत काळी आन् तेवढंच पांढरं. आमाला रोज दिसायचं. पुसायला गेले आन् जास्तच दाखवून बसले." असं म्हणून त्याने चुन्याच्या त्या पट्ट्यावर हलकेच फुंकर मारली. धूळ बसली होती.

इमारती बांधणाऱ्यांच्या कानावर या छोट्या गिरणीची गोष्ट गेली तेव्हा त्यांचा एक माणूस मिठाई घेऊन आला. नव्या इमारतीच्या खालच्या दालनात काचेच्या पेटीत ठेवू, तुमचं नाव लिहू, फक्त जरा उजळ रंग देऊ, असं गोड बोलला. मग त्याने पांढऱ्या पट्ट्याबद्दल विचारलं आणि अंबादासने सांगून टाकलं. माणूस अवघडला. "काका, ते सगळं लोकांना सांगायची काय गरज?"

"मग न्यायची काय गरज?" अंबादास म्हणाला, आणि मिठाईचा खोका उचलून त्याच्या हातात परत दिला.

गेल्या वर्षी त्याचा दम वाढला. छातीच्या डॉक्टरांनी धूळ, पूड, काजळी सगळं बंद सांगितलं. पद्मा रडली, आणि मी डॉक्टरांची बाजू घेतली. रंगाचा डबा उचलून घरी आणला आणि महिनाभर तिकडे फिरकलो नाही. मला वाटत होतं, मी त्याला वाचवतोय. एका दुपारी दारात रिक्षा थांबली. अंबादास, तोंडाला ओला टॉवेल बांधलेला, दोन पायऱ्या चढून धापा टाकत बसला. मग म्हणाला, "तुमी माझ्या छातीवर रुसलाव का माझ्यावर?" मी काळजी वगैरे बोलायला लागलो, तर हाताने थांबवलं. "कारखान्यात जलमभर कापूस गिळला, तवा कुणी बंद सांगितलं न्हाय. आता माझ्या हातानं, माझ्या मनासारखी धूळ उडवतोय तर सगळ्यांना माझा दम दिसायला लागला व्हय? मी भिऊन चार महिने जास्त जगीन. त्या चार महिन्यांत करू काय... टीव्ही बघू?" मी डबा घेऊन त्याच्याच रिक्षातून गेलो. त्याने मास्क लावायचं कबूल केलं, मी खिडकी उघडी ठेवायचं. पद्मा माझ्याशी बरेच दिवस बोलली नाही. तिचं चुकलं असं म्हणत नाही. पण मी पुन्हा तेच करीन.

तो गेल्यावर तेराव्याच्या आत तो मिठाईवाला माणूस पुन्हा आला. या वेळी आवाज अगदी हळुवार. आता काकांची आठवण म्हणून तरी द्या. मी नागमणीवहिनींकडे बघितलं. पलंग मोडला म्हणून ज्या दोन वर्षं कुरकुरत जमिनीवर झोपल्या, त्या. त्या उठल्यासुद्धा नाहीत. "वद्दु," एवढंच म्हणाल्या. तेलुगू कळत नसलेल्या त्या माणसालाही 'नको' कळलं.

गोदामाचं छप्पर मी गेल्या आठवड्यात पुरं केलं. रविवारी सकाळी वहिनी आता पुढचं दार उघडं ठेवतात. गिरणीतले जुने लोक काठ्या टेकत येतात आणि खुशाल भांडतात : वजनकाटा या बाजूला नव्हता, बॉयलरचं दार उलटं उघडायचं. मी खाली बसून दुरुस्त्या करतो. परवा शेजारच्या एक बाई आल्या, इंजिन बघून हरखल्या आणि सवयीने पदराचं टोक घेऊन छपरावरची धूळ टिपायला वाकल्या. वहिनींनी त्यांचं मनगट धरलं, पण प्रेमाने.

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "लई मेहनतीनं बसवलीय ती."