मसणवटीतली मुलाखत

मागच्या वर्षी आमच्या गावात एक बातमी पक्की झाली होती: साईनाथ मसणात बसून भुतं वश करतो. बातमी बहुधा माझ्याच गिरणीत तयार झाली. दळणाला नंबर लावून बाया बसल्या की आमच्याकडे पीठ आणि बातमी बरोबरच बाहेर पडते. त्या बायांतल्या बुधीने तर त्याला डोळ्यांनी पाहिलं होतं. स्मशानाच्या शेडमध्ये मांडी घालून बसलेला, कानांत काळे बोळे, पुढ्यात उघडलेली पेटी, आणि समोर चिटपाखरू नसताना इंग्रजीत बोलणं, वर हातवारे.

"इंग्रजी भूत हाय गं," बुधी म्हणाली. "पॉवर हाउस बांधाया आलेल्या सायबाचं असंल."

भूत नव्हतं, रेंज होती. आमचं गाव भिवपुरीच्या अलीकडे, डोंगराच्या अगदी काखेत. घरात फोन म्हणजे नुसतं घड्याळ. टॉवर नदीपलीकडे आहे आणि तो सरळ दिसतो तो फक्त स्मशानाच्या शेडमधून. शिवाय तिथे पत्र्याची सावली, सिमेंटचा बाक आणि शांतता. साईनाथच्या घराची भिंत माझ्या गिरणीला लागून. पट्टा फिरायला लागला की त्याच्या फळीवरचे पेले आपोआप चालायला लागतात. तिथे माणूस अभ्यास काय करणार? म्हणून पोरगा रोज जेवून, लॅपटॉप चार्ज करून मसणात जायचा आणि डेवऑप्स नावाचं कॉम्प्युटरचं काम शिकायचा.

पोरगा म्हणतो मी, पण तिशी उलटून गेलेली. साजगावच्या एका कारखान्यात तो पॅकिंगला होता, कंत्राटावर. तिथला लेबलं छापणारा कॉम्प्युटर अडला की अख्खी लाइन उभी राहायची. पुण्याहून माणूस येईपर्यंत बाकीचे चहा पीत बसायचे आणि हा त्या कॉम्प्युटरच्या मागे लागून तो सुरू करायचा. ते सुरू करणंच त्याच्या डोक्यात बसलं. कंपन्यांतली हुशार माणसं प्रोग्रॅम लिहितात, पण तो लोकांच्या फोनपर्यंत न अडखळता पोचवायचा आणि पोचल्यावर अखंड चालता ठेवायचा, हे काम वेगळ्या माणसांचं. आपण त्या माणसांतले, असं त्याने ठरवलं आणि कारखाना सोडला. गावाने काय ठरवलं ते वर सांगितलंच.

घरात तो एकटा. आई गेली, बहीण सोनाली चौक गावाला दिलेली, तिच्या नवऱ्याचं गॅरेज आहे. याचा एकटेपणा मला दळणावरून कळायचा. बाया डबे घेऊन येतात, हा हातात बारकी पिशवी घेऊन. इतके थोडे तांदूळ की जात्यात पडले न पडले तोच संपायचे, आणि आधीच्या बाईचं जात्यात राहिलेलं पीठ त्यातच उतरायचं. कधी नाचणी, कधी गहू. "आज तुझी भाकरी सोनुबाईच्या घरची रं," मी चिडवायचो. तो म्हणायचा, "बरंय, कोणाच्या तरी घरचं जेवतो." हसायचा. मग पिशवीची गाठ मारून निघून जायचा. 

मुलाखती फोनवर, लॅपटॉपवर व्हायच्या. सगळीकडून एकच प्रश्न: आधी हे काम कुठे केलंय? साजगावचं लेबल कोणी अनुभवात धरत नव्हतं. शेवटी सोनाली आली आणि माझ्या ओट्यावर उभी राहूनच त्याला म्हणाली, "ठेकेदार जागा राखून बसलाय दादा. शिमग्यापर्यंत थांबीन म्हणतो. आणखी एक बघ, नाहीतर गुमान परत जा. तू असा मसणात बसतोस, मला सासरी तोंड लपवावं लागतं." त्याने मान हलवली. तेव्हा त्या एका मुलाखतीवर सगळं येऊन ठेपलं: पुण्याची कंपनी, शेवटची फेरी, घरी बसून काम. जमलं तर जमलं, नाहीतर पॅकिंग.

मसणात त्याला सोबत होती ती कोंडाजीबाबांची. म्हातारा शेळ्या घेऊन नदीकडे जायचा आणि दुपारी शेडच्या पायरीवर टेकायचा. त्याला भुताची बातमी माहीत होती, "मी बी येतो की रोज, मला कसं नाय धरत?" असं तो बुधीला तोंडावर विचारून आला होता. साईनाथ त्याला मुलाखतीची उत्तरं म्हणून दाखवायचा, इंग्रजीत. म्हातारा डोळे मिटून ऐकायचा आणि म्हणायचा, "मघा जोरात बोललास, आता का दबलास? परत म्हण." समजत काही नव्हतं, पण आवाज कुठे खचला ते बरोबर पकडायचा. गावात साईनाथला दुसऱ्यांदा बोलायला सांगणारा तो एकटाच.

आणि मुलाखतीच्याच दिवशी कोंडाजीबाबा गेले.

आदल्या संध्याकाळी छातीत दुखलं म्हणून मुलाने, धनेशने, त्यांना कर्जतला नेलं होतं. सकाळी तिथेच आटोपलं. प्रेत गावात आलं तोवर साईनाथ धुतलेला पांढरा शर्ट घालून शेडमध्ये जाऊन बसला होता. फोन लॅपटॉपला जोडलेला, आवाज बंद. त्याला कोण कळवणार?

यात्रा निघाली. टाळ, मृदंग, भजन, आणि सर्वांत मागे बाबांच्या शेळ्या. त्यांना कोणी सोडलं देव जाणे. स्मशानाच्या अलीकडे करंजाखाली विसावा आहे. तिथे तिरडी खाली टेकवायची, खांदे बदलायचे आणि पुढे निघायचं, एवढीच रीत. तिथून समोर शेड दिसली. पांढरा शर्ट, कानात बोळे, ताठ पाठ.

"उठवा त्याला," कोणीतरी म्हणालं. "ही काय जागा हाय का शाळेची?"

मी धनेशकडे पाहिलं. त्याच्या हातात मडकं. "त्याची ती शेवटची मुलाखत आज," मी म्हणालो. "जरा थांबायचं का?"

धनेशचे डोळे सुजलेले.  "बाबा काल गाडीत बी तेच बोलत होते," तो म्हणाला. "पोराचं काय होतंय बघा म्हणून. थांबूया."

मग त्याने भजनवाल्यांकडे बघून हात केला. टाळ थांबले. मृदंगवाल्याने दोन्ही हात चामड्यावर दाबून धरले. आमचं गाव हो हे! ग्रामसभेत तीन ठिकाणी तीन भांडणं एकदम चालतात, लग्नात भटजीला माइक हिसकावून घ्यावा लागतो. ते गाव उन्हात गप्प उभं राहिलं. एक म्हातारा खोकला आवरता आवरता लाल झाला.

गप्प राहिल्या नाहीत त्या शेळ्या. त्यातली एक रोजच्या सवयीने सरळ शेडमध्ये शिरली. तिला धरायला मी वाकून धावलो आणि खांबाआड बसलो. लॅपटॉपमधून बाईचा आवाज आला, ती हसत होती. तिला शेळी दिसली असावी. साईनाथही हसला, इंग्रजीत काहीतरी म्हणाला, आणि मग मान न वळवता पायरीकडे हात करून हळूच म्हणाला, "बाबा, झालंच. जरा थांबा."

मी शेळीचं तोंड दाबून धरलं. माझंही जवळपास तेच करावं लागलं.

मुलाखत संपली तेव्हा तो खुशीत उठला, वळला आणि पायरी रिकामी दिसली. मग मी दिसलो, मग विसावा. "कोण?" त्याने विचारलं, पण तोवर धनेशच्या हातातलं मडकं त्याला दिसलं होतं.  लॅपटॉप बाकावर उघडाच टाकून चालत गेला आणि विसाव्यापासून पुढचा खांदा त्याने दिला. लाकडंही त्यानेच रचली. 

नोकरी लागली. सोनाली नवऱ्यासकट येऊन पेढे वाटून गेली आणि बुधीने आपण पहिल्यापासून सांगत होतो असं जाहीर केलं. कंपनीने घरापर्यंत वायर ओढून दिली, कानांवर घालायला टोप्यांसारखे मोठे बोळे दिले, त्यांत माझी गिरणीसुद्धा ऐकू येत नाही म्हणे. आता मसणात जायची गरज नाही. दार लावून बसतो. त्याच्याबरोबर काम करणारा एक इंदूरचा, एक कोचीचा. दोघांना त्याने अजून प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. दळणाची पिशवी तेवढीच आहे.

परवा पिशवी घेऊन आला तेव्हा मला राहवलं नाही. गिरणीत चार बाया होत्या, मला चेव आला. "साईनाथ," मी म्हणालो, "तुझ्या नोकरीत गावाचा वाटा हाय बरं का. आमी प्रेत घेऊन उन्हात उभे राह्यलो, भजन थांबवलं, शेळीचं थोबाड मी धरलं. पयल्या पगारात बोकड पायजे होता."

बाया हसल्या. त्याने पिठाची पिशवी घेतली, गाठ मारली.

"कंपनीत कुठं काय बंद पडलं तर पयली हाक मला मारतात, काका," तो म्हणाला. "मी जेवत असलो तरी, झोपलेलो असलो तरी. बाबा गेले तवा मी हाकेवर होतो, आणि तुमी मला हाक नाय मारली."